सील शाबूत, तिजोरी रिकामी

२०२३ साली कॅस्परस्की या सायबर-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांकडे ट्रेझर मॉडेल टी हे हार्डवेअर वॉलेट तपासायला आलं. गाडीच्या रिमोटसारखं, मुठीत मावणारं, बिटकॉइनची किल्ली सांभाळणारं यंत्र. मालकाने ते छोट्या जाहिरातींच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावरून, भरवशाच्या वाटलेल्या विक्रेत्याकडून घेतलेलं. डबा कंपनीचा, होलोग्रामची स्टिकरं जागच्या जागी, चालू केल्यावर सगळं अगदी अस्सलासारखं. तरीही १.३३ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे साडेएकोणतीस हजारांच्या आसपास डॉलर, एके दिवशी निघून गेले. त्या दिवशी मालकाने एकही व्यवहार केला नव्हता. यंत्र कॉम्प्युटरला जोडलेलंसुद्धा नव्हतं.

संशोधकांनी कवच उघडायला घेतलं, तर ते सहज निघालं. अस्सल यंत्राची दोन कवचं कारखान्यात ध्वनिलहरींच्या कंपनाने सांधलेली असतात. इथे सढळ हाताने ओतलेला गोंद आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. आत चिप एसटीएम३२एफ४२७ हवी, तर बसवलेली एफ४२९. तिच्याभोवती डाग दिल्याच्या खुणा. चिपमधला मजकूर बाहेरच्याला वाचता येऊ नये म्हणून असलेलं कुलूप पूर्ण काढलेलं. बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणारा पहिला कार्यक्रम, स्वतःची आवृत्ती सांगत होता २.०.४.

हार्डवेअर वॉलेट घेणाऱ्यांना दुकानदारापासून जाणकार मित्रापर्यंत सगळे एकच सल्ला देतात: ‘सील बघून घ्या.’ हा झाला पूर्वपक्ष. त्याच्या मागे एक समज आहे, की अस्सलपणा हा डब्याचा गुण आहे आणि तो डोळ्यांनी एकदा पारखला की काम संपलं. वरचं यंत्र या समजाचं तंतोतंत खंडन करतं. सील गोंदाबद्दल साक्ष देतं, चिपबद्दल नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लाइपझिगच्या हॅकर परिषदेत तीन संशोधकांनी अशी सुरक्षा-स्टिकरं गरम हवेने सोडवून दाखवली. ब्यूटी पार्लरमध्ये असतो तसला ड्रायर पुरला. अशीच वॉलेट बनवणाऱ्या पॅरिसच्या लेजर कंपनीने तर आपल्या डब्यांवर असं सील लावणंच टाळलं. तिचं म्हणणं असं, की सीलची नक्कल सोपी असते, त्यामुळे ते गिऱ्हाइकाला खोटा दिलासा देतं. इथे कंपनीचीच बाजू बरोबर आहे.

आपल्याकडे सराफी पेढीवर हा धडा गिरवून झालेला आहे. बांगडीवरचा हॉलमार्कचा ठसा पाहून शहाणं गिऱ्हाईक आता थांबत नाही. त्यावरचा एचयूआयडी, म्हणजे सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, बीआयएस या मानक संस्थेच्या ॲपमध्ये टाकून ताडून पाहतं. वीस हजारांच्या कानातल्यांना ही कसोटी लावणारा माणूस वीस लाखांच्या वॉलेटचं प्लास्टिक वेष्टन चकचकीत आहे म्हणून निर्धास्त होतो, याला काय म्हणावं?

इथे एक खुलासा. या यंत्रात नाणी नसतात. ती साखळीवर, म्हणजे जगभरच्या सामायिक नोंदवहीत असतात. यंत्रात असते ती सही करण्याची खासगी किल्ली, आणि ती २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून निवडलेल्या बारा किंवा चोवीस शब्दांतून पुन्हा उभी करता येते. हे शब्द ज्याला ठाऊक त्याची नाणी. चोराला यंत्र नको असतं, शब्द हवे असतात.

म्हणूनच २०१८च्या सुमारास एक साधी युक्ती चालली. डब्यात खरं लेजर, सोबत स्क्रॅच कार्ड, आणि त्यावर ‘तुमचे’ चोवीस शब्द आधीच छापलेले. यंत्र निर्दोष, पण शब्द विक्रेत्याच्या खिशात. पुढे २०२०मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली, सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावं, पत्ते, फोन. २०२१मध्ये त्यातल्या काहींच्या घरी न मागवलेलं लेजरचं नॅनो एक्स यंत्र पोचलं, सोबत कंपनीच्या प्रमुखाच्या नावाचं पत्र: ‘सुरक्षेसाठी यंत्र बदलून देत आहोत.’ आत यूएसबीच्या तोंडाशी एक बारका पेनड्राइव्ह तारांनी जोडलेला, आणि सूचना अशी, की जुने शब्द नव्या यंत्रासाठी टाइप करा. वेष्टन मात्र नवंकोरं.

यावर दुसरा पक्ष पुढे येतो. ‘छापलेले शब्द वापरायचे नाहीत, यंत्र रिसेट करून स्वतःचे शब्द तयार करायचे, की झालं.’ सल्ला चांगला आहे, पण अपुरा. कॅस्परस्कीने उघडलेल्या यंत्रात नेमकी इथेच मेख होती. रिसेट केलं तरी ते नवे शब्द बनवत नव्हतं. आधीच ठरवलेल्या वीस शब्दमालांपैकी एक पुढे करत होतं. जादा सुरक्षेसाठी मालकाने पासफ्रेज, म्हणजे शब्दांच्या जोडीला स्वतःचा परवलीचा मजकूर, लावली, तर तिचं फक्त पहिलं अक्षर धरत होतं. पहिल्या अक्षराच्या शक्यता, पासफ्रेज नसण्याची धरून, चौसष्ट. वीस गुणिले चौसष्ट म्हणजे १,२८०. शाळकरी मुलाच्या वहीत मावतील एवढ्या किल्ल्या, आणि मालकाला वाटतंय की आपली किल्ली विश्वातल्या अणूंच्या गर्दीत हरवलेली आहे.

तिसरा पक्ष अधिक अभ्यासू: ‘कंपनीच्या ॲपने अस्सल म्हटलं, मग प्रश्नच मिटला.’ ही तपासणी खरोखर मोलाची आहे. सुरक्षित चिपमध्ये कारखान्यातच एक गुप्त किल्ली बसवलेली असते. ॲप तिला आव्हान देतं आणि तिच्या सहीवरून चिप कंपनीची आहे की नाही हे ठरतं. लेजरमध्ये ही सोय आहे, ट्रेझरनेही सेफ ३ या यंत्रापासून ती आणली. पण मार्च २०१८ मध्ये सलीम रशीद या पंधरा वर्षांच्या ब्रिटिश मुलाने तिची फट दाखवली. लेजर नॅनो एसमध्ये सुरक्षित चिपच्या शेजारी एक साधी चिप होती, बटणं आणि पडदा सांभाळणारी. साध्या चिपमधला कार्यक्रम बदलूनही सुरक्षित चिप ‘मी अस्सल’ असंच सांगत राहिली. लेजरने फर्मवेअर दुरुस्त केलं. मुद्दा तरीही उरतो: साक्ष देणारा स्वतःपुरतं बोलतो, शेजाऱ्याची हमी देत नाही.

आणि यंत्र सोळा आणे अस्सल असलं तरी? मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचं उदाहरण मराठी वाचकांपैकी अनेकांना खिशातून आठवेल. १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलर गेले. कंपनीच्या निवेदनानुसार सही करणारे तिचे तिघेही लेजर वापरत होते. समोरच्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच व्यवहारावर झाली. त्यांना वॉलेटची सेवा पुरवणाऱ्या लिमिनल कंपनीने दोष आपल्याकडे नसल्याचं सांगितलं. तो वाद बाजूला ठेवू. यंत्रं खोटी होती असं कोणीच म्हटलेलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे जवळपास दीडशे कोटी डॉलर गेले, तिथेही सह्या हार्डवेअर वॉलेटवरच झाल्या होत्या.

इतकं ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग यंत्र नकोच, एक्स्चेंजवरच ठेवू. माउंट गॉक्स आणि एफटीएक्स ही बुडालेली एक्स्चेंजं आणि वर सांगितलेलं वझीरएक्स यांच्यानंतरही हा पक्ष मांडणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तर मग करायचं काय? अस्सलपणा डोळ्यांनी पाहण्याऐवजी यंत्राकडून वदवून घ्यायचा, तोही पैसे घालण्याआधी. नारळ घेताना आपण वाजवून घेतो, तसं. यंत्र निर्मात्याच्या संकेतस्थळावरून मागवावं. परदेशातून येणाऱ्या भाच्याकडे निरोप द्यायचा असेल, तर त्यानेही तिथूनच घ्यावं, बाजारातल्या ‘स्वस्त मिळालं’वाल्याकडून नाही. ॲप निर्मात्याच्या पत्त्यावरून, पत्ता स्वतः टाइप करून उतरवावं; २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ॲप-दुकानातसुद्धा लेजरचं बनावट ॲप सापडलं आणि त्याने १६.८ बिटकॉइन नेले. मग त्या ॲपची अस्सलतेची तपासणी. ट्रेझर फर्मवेअर न घालताच यंत्र पाठवतं, त्यामुळे नवं म्हणून आलेलं ट्रेझर आधीच फर्मवेअरसकट जागं झालं, तर ते परत करावं.

यानंतरची कसोटी फारसं कोणी सांगत नाही. यंत्र दहा वेळा रिसेट करा आणि दर वेळचे पहिले चार शब्द कागदावर मांडा. वीस शब्दमालांतून वाटेल ती उचलणारं बनावट यंत्र दहा खेपांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा एखादी माला पुन्हा दाखवेल. दहा हजार माला भरलेलं यंत्र यातून निसटेल, हे मान्य. त्याच्यासाठी फासे आहेत. काही यंत्रं, उदाहरणार्थ कोल्डकार्ड, फाशांची दानं घेऊन त्यांतूनच शब्द बनवतात. चोवीस शब्दांना नव्याण्णव दानं पुरतात. सापशिडीचे फासे चालतील.

त्यापुढे दुसऱ्या कंपनीचं यंत्र उसनं मिळालं तर उत्तम. एक टाकाऊ शब्दमाला आणि लांबलचक पासफ्रेज दोन्हीकडे भरावी आणि पत्ते ताडावेत. कॅस्परस्कीकडे आलेलं यंत्र इथे उघडं पडलं असतं: ते पासफ्रेजचं एकच अक्षर धरणार, दुसरं सगळी धरणार, पत्ते जुळणारच नाहीत. चाचणी झाली की ती शब्दमाला फेकून द्यावी. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर मात्र ती कधीच टाइप करू नये, टाकाऊ असली तरी. हाताला सवय लागते.

‘थोडे पैसे टाकून चार दिवस बघतो’ या चाचणीवर फार विसंबू नये. त्या मॉडेल टीच्या चोरांनी पैसे जमा झाल्यावर महिनाभर हात लावला नव्हता. आणि पैसे पाठवताना पत्ता कॉम्प्युटरच्या नव्हे, यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर वाचावा, शेवटच्या अक्षरापर्यंत. तिथे व्यवहार वाचता येत नसेल, नुसती आकड्यांची माळ दिसत असेल, तर सही करू नये.

राहता राहिला तो बूटलोडर. ट्रेझरच्या आवृत्त्यांची यादी गिटहबवर कोणालाही वाचता येते. तीत २.०.४ या आकड्यापुढे नोंद आहे: बनावट यंत्रांमुळे वगळला.