साहित्याची परीक्षा : कागद, पडदा आणि पर्याय

परीक्षा कागदावरून संगणकाच्या पडद्यावर नेण्यातील अडचणींची चर्चा सामान्यतः वीजपुरवठा, इंटरनेट, केंद्रांची अपुरी संख्या आणि गैरप्रकार यांभोवती फिरते. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या व्यवस्थेच्या अडचणी असून व्यवस्थेने त्या सोडवता येतील. साहित्याच्या अध्यापनापुढचा प्रश्न याहून मूलगामी आहे. माध्यम बदलताना परीक्षेचे प्रयोजन टिकते काय, हा तो प्रश्न होय.

या संदर्भात अध्यापक-पात्रतेच्या 'नेट' परीक्षेचा इतिहास बोलका आहे. या परीक्षेची तिसरी प्रश्नपत्रिका पूर्वी वर्णनात्मक होती. जून २०१२ पासून तीही बहुपर्यायी झाली. संगणकाधारित परीक्षा डिसेंबर २०१८ मध्ये आली. पुढे १८ जून २०२४ रोजी परीक्षा पुन्हा कागदावर घेण्यात आली, दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संगणकावर फेरपरीक्षा झाली. कागद आणि पडदा यांच्या या येरझारांत प्रश्नांचे स्वरूप मात्र तेच राहिले. लेखन परीक्षेतून हद्दपार झाले ते पडदा येण्यापूर्वी, कागदावरच. दोष यंत्राच्या माथी मारणे म्हणूनच सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली, हे चार पर्यायांतून ओळखता येते. पांडुरंग सांगवीकरच्या निवेदनातील उपरोध त्याच्या एकाकीपणाशी कसा निगडित आहे, हे मात्र युक्तिवाद मांडूनच सांगावे लागते. पहिले उत्तर माहितीचे, दुसरे आकलनाचे. मराठीचे एकही सलग वाक्य न लिहिता मराठीच्या अध्यापनाची पात्रता सिद्ध होऊ शकते, ही वस्तुस्थिती अभ्यासकांनी गंभीरपणे घ्यावयास हवी. कारण ज्या अध्यापकाच्या लेखनाची कसोटी झाली नाही, त्याच्यावरच विद्यार्थ्यांचे लेखन तपासण्याची जबाबदारी येते.

लक्षावधी परीक्षार्थींची वर्णनात्मक उत्तरे तपासणे दुष्कर आहे आणि त्यात परीक्षकाची व्यक्तिनिष्ठता शिरते, हा प्रतिवाद बिनतोड नसला तरी दुर्लक्षणीयही नाही. घाईचे परिणाम मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये अनुभवले. हस्तलिखित उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन त्याच हंगामात सरसकट लागू झाले आणि निकाल रखडले. तथापि त्या प्रयोगातील मूळ कल्पना त्याज्य ठरत नाही. उत्तर हाताने लिहावे, त्याची प्रतिमा पडद्यावर यावी, परीक्षकाला परीक्षार्थीची ओळख नसावी आणि एकच उत्तर दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे, हे त्यामुळे सुकर होते. व्यक्तिनिष्ठतेवर त्याहून चांगला उपाय कागदाच्या गठ्ठ्यांत नव्हता.

बहुपर्यायी चाचणी प्राथमिक चाळणीपुरती राहावी आणि त्यातून निवडलेल्या मर्यादित परीक्षार्थींकडून सलग लेखन घ्यावे, हा मार्ग व्यवहार्य आहे. पुढे उत्तरे थेट संगणकावर लिहून घ्यावयाची झाल्यास देवनागरी टंकलेखनाचा सराव पदव्युत्तर वर्गातच द्यावा लागेल. अन्यथा परीक्षा साहित्याची न होता बोटांच्या वेगाची होईल.

कागदाचा आग्रह धरण्यात मराठी विभागांनी शक्ती वेचू नये. आग्रह धरावयाचा तो उत्तराच्या मोकळ्या जागेचा. ती कागदावर असो वा पडद्यावर, तेथे विद्यार्थ्याला स्वतःचे वाक्य लिहिता आले पाहिजे.