भरतीची वेळ कळंबोलीला विचारा

पावसाळ्यात मोठ्या भरतीचे दिवस पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या माणसांना तोंडपाठ असतात. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की तळमजल्यावरची कुटुंबे फ्रिजखाली विटा सरकवतात, स्कूटर उंचावर नेऊन लावतात आणि ओहोटीची वाट पाहत बसतात. २६ जुलै २००५ च्या पुराची रात्र इथे कुणी विसरलेले नाही.

सिडकोने ही वसाहत खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवली. पाणी आत येऊ नये म्हणून धारण तलाव बांधले. भरतीला तलावांची दारे बंद होतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत सोडले जाते. आखणी चांगलीच होती, पण तलावांतला गाळ वर्षानुवर्षे तसाच राहिला आणि त्या गाळात खारफुटी रुजली. उच्च न्यायालयाचे खारफुटीला संरक्षण असल्याने आता गाळ उपसायचा म्हटले तरी परवानगीची वाट पाहावी लागते. मग पूर आला की खारफुटीकडे बोट दाखवले जाते. हे आम्हाला मान्य नाही. दोष तलावांची निगा न राखणाऱ्यांचा आहे, आणि खाडीकाठ राखणारी झाडे त्याची किंमत चुकवणार नाहीत, हे आधी ठरले पाहिजे.

आजूबाजूला काय चालले आहे, ते पाहा. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी सपाट झाली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, खारफुटी भरावाखाली गेली. शेजारच्या डुंगीत पाणी शिरते, ही गावकऱ्यांची तक्रार काही वर्षांची आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीतून कासाडी नदी कशी वाहते, हे २०१७ मध्ये निळ्या पडलेल्या कुत्र्यांच्या छायाचित्रांनी देशाला दाखवले. या प्रत्येक ठिकाणी नकाशा आधी झाला आणि माणसांना नंतर विचारले गेले.

विचारण्याची रीत तरी कशी? नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात. मुदत तीस दिवसांची. सर्वसामान्य माणसाने एवढ्या दिवसांत नकाशा वाचायचा, सर्व्हे नंबर शोधायचा आणि अर्ज लिहायचा. पर्यावरण परवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेत तर बांधकाम आणि टाउनशिप प्रकल्पांना जनसुनावणीच नाही. पनवेल महापालिका २०१६ मध्ये झाली, पण २०२२ च्या जुलैत मुदत संपल्यापासून २०२६ च्या जानेवारीतील निवडणुकीपर्यंत शहर प्रशासकाच्या हाती राहिले. या काळात नालेसफाई झाली का, हे सभागृहात विचारायला कळंबोलीचा एकही नगरसेवक नव्हता.

रायगडच्या मातीला ऐकण्याची दुसरी पद्धतही ठाऊक आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी (सेझ) सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला. निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही, तरी तो काय लागला हे गावोगावी ठाऊक होते, आणि सेझ झाले नाही. न ऐकल्याची किंमतही या मातीने पाहिली आहे. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात उभे राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्यातूनच मिळाला. ज्यांनी एवढी किंमत मोजली, त्यांना आजही तीस दिवसांच्या हरकतीवर थांबवले जाते.

कळंबोलीला रस्ते हवेत, मेट्रो हवी, लोखंड बाजाराचा व्यापारही हवा. आमचा आक्षेप क्रमाला आहे. महापालिका कायद्यात मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद आहे; ती नुसती कागदावर आहे. नव्या सभागृहाने पहिल्याच वर्षी प्रत्येक प्रभागात ती भरवावी. धारण तलावांचा गाळ, नाल्यांची पातळी, भरावांची उंची हे आकडे सिडको आणि महापालिकेने मराठीत, सेक्टरनिहाय, सभेपुढे ठेवावेत. आणि आराखड्याचा नकाशा येत्या पावसाळ्यापूर्वी त्या तळमजल्यावरच्या बायामाणसांपुढे पसरून विचारावे, पाणी कुठून येते.