स्पर्धा आणि सौजन्य

स्पर्धा हा शब्द अलीकडे आपल्या घरांतून फार वापरला जातो. मूल शाळेंत जाऊं लागतें न लागतें तोंच तो त्याच्या कानीं पडतो, आणि पुढें परीक्षा, प्रवेश, नोकरी अशा प्रत्येक उंबरठ्यावर त्याचा पुनरुच्चार होत राहतो. धातुपाठांत स्पर्ध् या धातूचा अर्थ संघर्ष असा दिला आहे. आणि संघर्ष म्हणजे मुळांत घासणें. घासण्याचीं फळें दोन. अरणी घासली म्हणजे अग्नि प्रकट होतो, आणि गाडीचा आंस वंगणावांचून घासला म्हणजे तो झिजून मोडतो. क्रिया एकच, मग एके ठिकाणीं तेज आणि दुसरे ठिकाणीं झीज कां? या प्रश्नाचें उत्तर या खेपेस आपण ग्रंथांत न शोधतां आकाशांत शोधूं. कारण विमानविद्येच्या आरंभींच्या तीस वर्षांत माणसामाणसांतील चढाओढ जितकी उघड दिसते, तितकी ती अन्यत्र क्वचितच दिसेल.

सन १९२३ ची गोष्ट. अमेरिकेच्या आरमारांत हॅरोल्ड ब्राउ आणि आल्फोर्ड विल्यम्स असे दोन तरुण लेफ्टनंट होते. दोघांच्याहि हातीं कर्टिस कारखान्याचें एकाच जातीचें, दुहेरी पंखांचें, सुमारें पांचशें अश्वशक्तीचें विमान आलें. ऑक्टोबर महिन्यांत सेंट लुई येथें झालेल्या पुलित्झर शर्यतींत विल्यम्स पहिला व ब्राउ दुसरा आला. दोघांच्या वेगांत ताशीं अवघ्या दोन मैलांचें अंतर होतें. पुढच्याच महिन्यांत न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड या मैदानावर, जगांतील सर्वांत वेगवान माणूस कोण हें ठरविण्यासाठीं, हे दोघे पुन्हां समोरासमोर उभे राहिले. २ नोव्हेंबरला ब्राउनें ताशीं २५९ मैलांचा वेग गांठून विक्रम आपल्या नांवावर केला. परंतु तो त्याच्याजवळ दोन दिवसच राहिला. ४ नोव्हेंबरला विल्यम्सनें ताशीं २६६ मैलांची मर्यादा ओलांडली.

हे आंकडे ऐकून मन थक्क होतें. परंतु शिक्षकाचें लक्ष आंकड्याहून तो काढण्याच्या रीतीकडे अधिक जातें. मोजणीचा पल्ला तीन किलोमीटरांचा, म्हणजे एका फेरीस पंचवीस-सव्वीस सेकंद पुरत. ब्राउ आणि विल्यम्स यांच्यांतील फरक हिशेबानें पाऊण सेकंदाहूनहि कमी भरतो. इतक्या सूक्ष्म फरकावर जगाचा विक्रम द्यावयाचा, तर वार्‍याची एक झुळूकहि निकाल फिरवूं शकेल. म्हणून नियम असा होता कीं, त्याच पल्ल्यावरून चार वेळां उडावयाचें, दोनदां एका दिशेनें आणि दोनदां उलट दिशेनें. आणि चारहि वेगांची सरासरी धरावयाची. समजा, विमानाचा स्वतःचा वेग २६० मैल आहे आणि वारा ताशीं २० मैलांचा आहे. वार्‍यासंगें जातांना वेग २८० भरेल, वार्‍याविरुद्ध येतांना २४०. सरासरी पुन्हां २६०. वार्‍यानें जें फुकट दिलें तें त्यानेंच परत नेलें, आणि जें खरोखर वैमानिकाचें व यंत्राचें, तेवढेंच हिशेबांत उरलें.

आमच्या भिवंडींत मागांचा खडखडाट अहोरात्र कानीं पडतो. शेजारीं शेजारीं चालणार्‍या दोन मागांपैकीं एकाला धड सूत मिळालें आणि दुसर्‍याला जागोजाग तुटणारें मिळालें, तर सायंकाळीं नुसतें कापड मोजून विणकरांचें कसब ठरवितां येईल काय? मोजमाप खरें व्हावयाचें तर आधीं वारा वजा झाला पाहिजे. हें तत्त्व नियमाच्या पुस्तकांत लिहिणें सोपें आहे. नियम नसतां तें पाळणें हीच खरी कसोटी.

अशी कसोटी अमेरिकेस लौकरच द्यावी लागली. पाण्यावरून उडणार्‍या विमानांसाठीं १९१३ सालीं श्नायडर चषकाची आंतरराष्ट्रीय शर्यत सुरू झाली होती. जें राष्ट्र पांच वर्षांच्या आंत तीन वेळां जिंकेल, त्याचा चषक कायमचा, असा तिचा नियम. १९२३ सालीं इंग्लंडांतील काउज येथें अमेरिकन आरमाराचा लेफ्टनंट रिटनहाउस यानें ती जिंकली. १९२४ ची शर्यत अमेरिकेंत व्हावयाची होती. इटलीनें माघार घेतली. इंग्लंडचें विमान चांचणींतच बुडालें. अमेरिकेच्या वैमानिकांनीं एकट्यानें पल्ला पुरा केला असता तरी नियमाप्रमाणें विजय त्यांचाच होता. पण त्यांच्या संघटनेनें त्या वर्षाची शर्यतच रद्द केली. पुढें १९२५ सालीं अमेरिका पुन्हां जिंकली. म्हणजे १९२४ चा तो फुकटचा विजय स्वीकारला असता, तर तीन विजय होऊन चषक कायमचा त्यांच्या घरीं गेला असता. तो गेला नाहीं, तो अखेर इंग्लंडला गेला. आणि कसा गेला तेंहि पाहण्यासारखें आहे. १९३१ सालीं फ्रान्स आणि इटली यांनीं तयारीसाठीं मुदत वाढवून मागितली. ती मिळाली नाहीं. त्या वर्षींच्या सरावांत ब्रिंटन नांवाच्या ब्रिटिश आरमारी लेफ्टनंटाला प्राणास मुकावें लागलें. सप्टेंबरांत बूथमन या वैमानिकानें, समोर एकहि प्रतिस्पर्धी नसतां, ताशीं ३४० मैलांच्या वेगानें पल्ला पुरा केला आणि चषक कायमचा इंग्लंडचा झाला. नियमानें त्यांत कांहीं वावगें नव्हतें, आणि विमानहि अजोड होतें. तरीपण या दोन राष्ट्रांपैकीं चषक कोणाजवळ आहे व मोठेपणा कोणाजवळ आहे, हे दोन प्रश्न निराळे राहतात.

हीं झालीं बलाढ्य राष्ट्रांचीं उदाहरणें. त्यांच्या पाठीशीं मोठें द्रव्यबळ होतें. याच सुमारास मुंबई आणि कराची यांच्याशीं संबंध असलेल्या तरुणांनीं, शंभर अश्वशक्तीच्या चिमुकल्या विमानांतून, अशीच एक शर्यत खेळली. आगाखान यांनीं १९२९ सालीं पांचशें पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. इंग्लंडहून हिंदुस्थानास किंवा हिंदुस्थानाहून इंग्लंडास एकट्यानें विमान नेणार्‍या पहिल्या हिंदी माणसाला तें मिळावयाचें होतें; अट एवढीच कीं, निघाल्यापासून एक महिन्याच्या आंत प्रवास पुरा झाला पाहिजे. तिघे पुढें आले. पहिले मनमोहनसिंग, ते विमान घेऊन कराचीस पोंचले खरे, पण महिन्याची मुदत उलटून गेल्यामुळें बक्षीस त्यांच्या हातून गेलें. दुसरे अस्पी इंजिनियर, वय अवघें सतरा. ते २५ एप्रिल १९३० रोजीं लंडनजवळील क्रॉयडनहून निघाले. तिसरे मुंबईचे जहांगीर रतनजी टाटा. वैमानिकाचा परवाना हिंदुस्थानांत सर्वप्रथम त्यांनाच १९२९ च्या फेब्रुवारींत मिळालेला. ते ३ मे रोजीं कराचीहून उलट दिशेनें निघाले.

एक पूर्वेस येत आहे, एक पश्चिमेस जात आहे, आणि जो आधीं पोंचेल तो जिंकणार. वाटेंत ईजिप्त देशांत आलेक्झांड्रियाजवळ अबूकीर येथें टाटा उतरले, तों तेथें इंजिनियर अडकून पडलेले! त्यांच्या एंजिनाचा प्लग निकामी झाला होता आणि जवळ दुसरा नव्हता. प्लग म्हणजे एंजिनाची अरणीच. नळकांड्यांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण दाबलें जातें, प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि त्या जोरावर पंखा फिरतो. ठिणगी नाहीं तर गति नाहीं. त्या सतरा वर्षांच्या मुलाचें सारें धैर्य आणि कौशल्य बोटाएवढ्या वस्तूवांचून जमिनीवर खिळून राहिलें होतें. टाटांनीं तोंडानें कांहीं न बोलतां आपला प्रवास पुढें चालविला असता, तर त्यांना नियमानें कोणीहि दोष दिला नसता. त्यांनीं आपल्याजवळचा जादा प्लग काढून प्रतिस्पर्ध्याच्या हातीं दिला. दोघे आपापल्या दिशेनें उडाले. ११ मे रोजीं इंजिनियर कराचीस उतरले. टाटा तेव्हां लंडनला पोंचले नव्हते. बक्षीस इंजिनियर यांना मिळालें.

पुढील इतिहास थोडक्यांत असा. अस्पी इंजिनियर विमानदळांत गेले आणि १९६० ते १९६४ पर्यंत स्वतंत्र भारताच्या विमानदळाचे प्रमुख होते. मनमोहनसिंग दुसर्‍या महायुद्धांत वैमानिक म्हणून लढले आणि १९४२ सालीं ऑस्ट्रेलियांतील ब्रूम बंदरावर जपान्यांनीं केलेल्या हल्ल्यांत कामास आले. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन मुंबईच्या जुहू मैदानावर विमान उतरविलें, आणि देशांतील नियमित हवाई वाहतुकीचा पाया घातला. त्या घटनेस पन्नास वर्षें झालीं तेव्हां, १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं त्यांनीं तोच प्रवास पुन्हां केला. बक्षीस गेलें म्हणून त्यांचें कांहीं अडलें नाहीं.

येथें चिकित्सक वाचक म्हणेल, ‘टाटांना पांचशें पौंडांची काय मातब्बरी? श्रीमंताचें औदार्य स्वस्त असतें.’ आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु ‘पहिला’ हा मान श्रीमंतालाहि विकत मिळत नसतो, आणि टाटांनीं धोक्यांत घातला तो मान. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्यांनीं आपल्या एंजिनांतला प्लग उपटून दिला नाहीं. जादा होता तो दिला. इंजिनियर यांचें विमान आधीं सुटावें म्हणून ते अबूकीरला थांबून राहिले नाहींत. आपल्या वेगांत त्यांनीं तिळमात्र कसूर केली नाहीं. याला मी दान म्हणणार नाहीं. दोन्ही दिशांनीं उडून वारा वजा करावा, तसा त्यांनीं नशिबाचा एक अपघात हिशेबांतून वजा केला. प्रतिस्पर्धी प्लगवांचून पडून राहिल्यामुळें मिळालेला विजय कोण आधीं पोंचला हें सांगेल. कोण अधिक चांगला उडतो याविषयीं तो मुका राहील.

हें सारें मांडण्यास एक निमित्त घडलें. या सदराच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. एकत्र कुटुंब; दोन जावांचे दोन मुलगे यंदा बारावीच्या परीक्षेस बसणार. या थोरल्या जाऊबाई. त्यांच्या मुलाला बाहेर शिकवणी आहे, धाकटीच्या मुलाला नाहीं. पुतण्यानें शिकवणींतील टिपणें मागितलीं. त्या लिहितात कीं, देऊं नयेत असें मनांत येतें, आणि तसें मनांत आलें याची लाजहि वाटते; काय करावें?

वहिनी, लाज वाटली हेंच शुभ चिन्ह समजा. टिपणें द्यावींत. तीं जादा प्लगासारखीं आहेत. दुसर्‍यानें उतरून घेतल्यानें तुमच्या मुलाच्या वहींतील अक्षर पुसलें जात नाहीं. मात्र पुतण्याला वाईट वाटेल म्हणून आपल्या मुलानें कमी अभ्यास करावा, असें त्याला कधींहि सुचवूं नका. तें सौजन्य नव्हे, तो दोघांचाहि अपमान आहे. आणि एक गोष्ट घरांतील कर्त्या पुरुषांसाठीं. एकाच छपराखालीं, एकाच पंक्तीला जेवणार्‍या दोन मुलांपैकीं एकाच्या पाठीशीं शिकवणीचा वारा आणि दुसर्‍याच्या तोंडावर उणेपणाचा, अशी व्यवस्था वडीलधार्‍यांनींच केली असतां, निकालाच्या दिवशीं दोघांचे गुण शेजारीं मांडून बोलण्याचा अधिकार त्यांना उरत नाहीं. फी दोघांची भरतां येत नसेल तर टिपणें तरी दोघांचीं असूं द्या; आणि संध्याकाळीं दोघांना एकाच दिव्याखालीं अभ्यासाला बसवा.

पुतण्याला दोन गुण अधिक पडले तर? पडोत. त्या दिवशीं पेढे तुमच्या मुलाच्या हातून वांटवा. त्याला प्रथम जड जाईल. पण आपला वेग किती याचा खरा आंकडा त्या दिवशीं त्याच्या हातीं आलेला असेल, आणि पुढच्या पल्ल्यावर तोच त्याच्या उपयोगीं पडेल.