हनुवटीवरचा केस

कानावरच्या केसांची लाज वाटणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. उलट कानावर केस असले की माणूस दीर्घायुषी, असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची. मदुराईचे अँटनी व्हिक्टर नावाचे निवृत्त मुख्याध्यापक तर कानावरच्या १८.१ सेंटिमीटर लांब केसांमुळे २००७ साली गिनीज बुकात गेले. (आम्हा शिक्षकांना प्रसिद्धी मिळते ती अशी!) पण साठीच्या बाईच्या हनुवटीवर एखादा राठ केस आला की ती चारचौघांत हनुवटीखाली हात धरून बसते. विषय काढायचा नाही, मैत्रिणीपाशीसुद्धा नाही. मी पंचाहत्तरीकडे आले आहे, आता मी काढते.

मी मराठी शिकवायचे, शास्त्र नाही. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ भरपूर. त्यातून कळलं ते असं, की केसांची मुळं आपण जन्माला येतानाच घेऊन येतो, नंतर नवी तयार होत नाहीत. म्हणजे बाईच्या हनुवटीवरही दाढीची मुळं असतातच, फक्त त्यांतून बारीक लव येते. वयात येताना मुलांच्या अंगात पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि त्या लवेचं मिसरूड होतं. ही संप्रेरकं बायकांच्याही शरीरात तयार होतात, बीजकोशांत आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत. पाळी गेली की स्त्री-संप्रेरक झपाट्याने उतरतं, पुरुषी मात्र त्या मानाने टिकून राहतं. पारडं थोडं झुकतं आणि इतकी वर्षं झोपलेली चार-दोन मुळं जागी होतात. बस्स, एवढंच. यात ना कुठलं पाप, ना कुठला पुरुषीपणा.

गंमत म्हणजे जे संप्रेरक हनुवटीवर केस वाढवतं, तेच डोक्यावरचे बारीक करत नेतं. हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिलं, की वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. तेव्हा टकलाला आणि हनुवटीवरच्या केसाला एकाच घरातली भावंडं म्हणायला हरकत नाही. टकलावर विनोद होतात, नाही असं नाही, पण टकलामुळे कुणा मुलाचं लग्न अडलं तर लोक हळहळतात तरी. मुलीच्या ओठावर लव दिसली तर बघायला आलेले लोक उठून जातात आणि कारणही सांगत नाहीत.

आम्हा म्हाताऱ्यांचं एक वेळ सोडा. २०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत एक मुलगी ९८.५ टक्के मिळवून पहिली आली. तिचा फोटो छापून आला आणि शिकल्यासवरल्या लोकांनी इंटरनेटवर तिच्या मार्कांबद्दल न बोलता तिच्या ओठावरच्या केसांची टिंगल केली. पंधरा-सोळा वर्षांची पोर! मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. चाळीस-चाळीस मुलांचे वर्ग मी सांभाळले आहेत, अशा शेऱ्याने मुलगी शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि हात वर करायचं थांबते, हे मला ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, मग डॉक्टरकडे जायचंच नाही का? जायचं की. कमी वयात केस वाढले, पाळी अनियमित झाली, तर पीसीओएस असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. कोणत्याही वयात थोड्या दिवसांत भराभर केस आले, आवाज घोगरा झाला, तर मुळीच थांबू नये. पण आजार म्हणून विचारणं वेगळं आणि 'अगं, पार्लरला जात जा गं' असं हळदीकुंकवात सर्वांदेखत सुचवणं वेगळं. दुसऱ्याला माझा ठाम विरोध आहे. आणि एक, वस्तऱ्याने काढले की दाट येतात ही समजूत निखालस खोटी आहे, १९२८ सालीच ती तपासून झाली आहे. ज्या मुलीला काढायचे तिने खुशाल काढावेत, जिला नको तिने ठेवावेत.

मी काढते. मला तो केस टोचतो. पण आता चाळिशी लावूनही तो आरशात दिसत नाही, बोटाला मात्र बरोबर लागतो, आणि हात थरथरतो. म्हणून नातीला सांगून ठेवलं आहे, दर रविवारी उजेडात बसवून चिमट्याने बघत जा. पहिल्यांदा ती लाजली, मग म्हणाली, "आजी, मलाही येतील?" म्हटलं, येतील बहुतेक, तुझ्या पणजीलाही होते. ती "बरं" म्हणाली आणि चिमटा शोधायला गेली.