टायर किती टणक हवा?

सुट्टीत बुलढाण्याहून सायकलींवर डोंगरात सहलीला जायचे असेल, तर आधी टायरकडे नीट पाहा. 'टायर टणक फुगवला की सायकल पळते' असा समज आहे. डांबरी रस्त्यावर तो बराचसा खरा आहे. अजिंठा डोंगररांगेतील मुरमाड वाटांवर मात्र चुकीचा, आणि उतारावर धोक्याचा.

थोडे गणित करू. स्वार व सायकल मिळून वजन ७० किलो आणि टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला ३.५ किलो असेल, तर दोन्ही टायरांची मिळून सुमारे २० चौरस सेंटिमीटर जागाच जमिनीला टेकते. दाब निम्मा केला की ती दुप्पट होते. टणक टायर प्रत्येक दगडावर उसळतो. पुढे नेणारी ऊर्जा हिसक्यांत वाया जाते. शिवाय जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? नरम टायर दगडाभोवती दबतो आणि पकड सोडत नाही. १८८८ मध्ये डनलॉपने मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, ते हिसके कमी व्हावेत म्हणूनच.

मात्र अरुंद टायरमधील हवा कमी केल्यास दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते व फाटते. म्हणून टायर रुंदच घ्यावा. खोल नक्षी मुरमावर उपयोगी. ओल्या काळ्या मातीत ती चिखलाने बुजते.

दुकानदाराला विचारण्यापूर्वी आलेखाच्या कागदावर ओल्या टायरचा ठसा घ्या, चौकोन मोजा. आणि पंप जवळ असू द्या: राजूर घाटाचा डांबरी रस्ता लागला की पुन्हा हवा भरावी लागेल!