पारडे फिरते तेव्हा : ऑस्ट्रेलियातला ग्रामीण मतदार



शेतीच्या पानावर परदेशच्या निवडणुका कशाला, असे कुणी म्हणेल. पण ज्या निवडणुकांविषयी आज लिहायचे आहे त्या फिरल्या शाळा, रेल्वे, स्थानिक पंचायत आणि नदीच्या पाण्यावरून. तेव्हा हेच पान त्यांना योग्य.

ऑस्ट्रेलियात निकालाच्या रात्री 'स्विंग' हा शब्द सारखा कानावर येतो. क्रिकेटमधला नव्हे. मागच्या खेपेपेक्षा शेकडा किती मते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली, ते हे माप. पाच टक्के म्हणजे फार काय, असे वाटते ना? तराजूच्या एका पारड्यातले पाच किलो उचलून दुसऱ्यात टाका, फरक दहाचा पडतो. अटीतटीच्या जागा तेवढ्यात जातात.

आता व्हिक्टोरिया राज्याचे बघा. १९९२ साली जेफ केनेट तिथे प्रीमियर झाले. प्रीमियर म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. आधीच्या सरकारने कर्जाचा डोंगर ठेवलेला, तेव्हा काटकसर करणे भाग होते, हे मान्य केले पाहिजे. पण कात्री चालली कुठे? तीनशेहून जास्त शाळा बंद झाल्या. मिल्डुराची प्रवासी रेल्वे १९९३ मध्ये थांबली. राज्यातल्या २१० स्थानिक कौन्सिलांच्या ७८ करून टाकल्या आणि निवडून आलेल्या सभासदांना घरी बसवून सरकारने प्रशासक नेमले. चार-पाच गावांची ग्रामपंचायत एक करून कार्यालय पंचवीस मैलांवर नेले तर आपल्याकडे काय होईल, ते सरपंचांना सांगायला नको.

तरीही १९९६ ची निवडणूक केनेट यांनी आरामात जिंकली. १९९९ मध्ये पाहण्याही त्यांच्याच बाजूने होत्या. मेलबर्न शहर झगमगत होते आणि वर्तमानपत्रांना तेवढेच दिसत होते. १८ सप्टेंबर १९९९ ला पेट्या उघडल्या आणि बॅलरॅट, बेंडिगो या भागांतल्या जागा मजूर पक्षाकडे गेल्या. बेंडिगो पूर्व जिंकणारी जॅसिंटा ॲलन ही मुलगी दुसऱ्या दिवशी सव्विसाव्या वर्षात... नव्हे, सव्वीस पूर्ण करणार होती. पुढे २०२३ मध्ये तीच राज्याची प्रीमियर झाली. सभागृह ८८ जागांचे. मजूर पक्षाला अखेर ४२ मिळाल्या, केनेट यांच्या युतीला ४३. नाड्या आल्या तीन अपक्षांच्या हाती आणि तिघेही शहराबाहेरचे. त्यांतले एक मिल्डुराचे, ज्यांची रेल्वे गेली होती. दुसरे क्रेग इन्ग्रॅम, समुद्रात बुडी मारून शिंपले काढण्याचा धंदा करणारे. त्यांची मागणी एकच, स्नोई नदीत पाणी सोडा. धरणांनी ते पाणी मरे खोऱ्याच्या बागाईताकडे वळवले होते आणि जिंडाबाइनखाली मूळ प्रवाहाचा जेमतेम शंभरावा भाग उरला होता. तिघांनी मजूर पक्षाचे स्टीव्ह ब्रॅक्स यांना पाठिंबा दिला. केनेट गेले.

याहून मोठा धक्का न्यू साउथ वेल्समधल्या ऑरेंजचा. ही जागा १९४७ पासून नॅशनल पक्षाची, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांच्या जुन्या पक्षाची. २०१६ मध्ये सरकारने ऑरेंज, कॅबोन आणि ब्लेनी या कौन्सिली जबरदस्तीने एक करायला घेतल्या. वर ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवर बंदी जाहीर केली. बंदी ऑक्टोबरात मागे घेतली, पण फार उशीर झाला होता. १२ नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत नॅशनल पक्षाची पहिल्या पसंतीची मते जवळजवळ निम्म्यावर आली आणि शूटर्स, फिशर्स अँड फार्मर्स या छोट्या पक्षाने पन्नासएक मतांनी जागा नेली. नॅशनलचे नेते, उपमुख्यमंत्री ट्रॉय ग्रँट यांनी नेतेपद सोडले. फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्या प्रीमियरबाईंनी ग्रामीण भागातली रखडलेली विलीनीकरणे रद्द केली. पन्नास मतांत केवढे काम झाले!

शहरी मतदारही काही कमी नाही म्हणा. क्वीन्सलंडमध्ये सरकारी मालमत्ता विकायचा बेत निवडणूक जिंकल्यावर जाहीर करणाऱ्या मजूर सरकारला २०१२ मध्ये ८९ पैकी ७ जागा मिळाल्या. आपल्या काळी-पिवळी जीपमध्ये सगळे आमदार बसून वर दोन शेळ्या मावल्या असत्या. जिंकणाऱ्यांनी सुमारे १४ हजार सरकारी नोकऱ्या कापल्या आणि २०१५ मध्ये तेही गेले. प्रीमियर न्यूमन स्वतःच्या जागेवरही पडले.

एवढी उलथापालथ होते कशी? एक म्हणजे मतदान सक्तीचे. १९२२ मध्ये साठ टक्क्यांच्या आतच लोक आले होते. १९२४ मध्ये कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी आकडा नव्वदच्या वर गेला. देशपातळीवर मत चुकवले तर दंड २० डॉलर. रागावून घरी बसायची सोय नाही, मग राग पेटीतच पडतो. दुसरे म्हणजे पसंतीक्रम. याचे मूळ शेतकऱ्यांतच आहे. १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात स्वान येथे शेतकऱ्यांचा उमेदवार आणि सरकारी उमेदवार यांनी मते वाटून घेतली आणि मजूर पक्षाचा बावीस वर्षांचा पोरगा शेकडा ३४ मतांवर निवडून आला. त्याच वर्षी सरकारने १, २, ३ असे आकडे घालायची पद्धत आणली. छोट्या पक्षाला मत दिले तर वाया जाईल, ही भीती त्यामुळे उरत नाही. आपल्याकडे ती भीती आहे, आणि ती खोटीही नाही.

आता मत फिरवून हाती काय लागले, तेही मोजू या. २००० साली करार झाला आणि पाणी २००२ पासून स्नोई नदीत सुटू लागले. अरारट आणि बेअर्न्सडेल या गावांची प्रवासी रेल्वे २००४ मध्ये पुन्हा सुरू झाली. ७८ कौन्सिली मात्र मोडल्या नाहीत. डेलाटाइट तेवढी फुटून दोन झाल्या, म्हणून आकडा ७९. मिल्डुराची गाडी तर ब्रॅक्स यांनी कबूल करूनही आली नाही. तिथली माणसं आजही बसने स्वान हिल नाहीतर बेंडिगो गाठतात आणि तिथून पुढे रेल्वे धरतात.