कारखान्याबरोबर विद्याही हवी

अमरावतीलगत नांदगाव पेठ येथे भारत डायनॅमिक्सच्या क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी भूमी घेतली गेली, त्यास दशकाहून अधिक काळ लोटला. वऱ्हाडात या प्रकल्पाची चर्चा निघाली की ती नोकऱ्यांच्या आकड्यापाशी येऊन थांबते. ओझरचा अनुभव पाहता आणखी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

24 सप्टेंबर 1958 रोजी तैवानच्या सेबर विमानांनी चिनी मिग विमानांवर अमेरिकी ‘साइडवाइंडर’ डागले. शत्रूच्या इंजिनाची उष्णता हेरून त्याचा पाठलाग करणाऱ्या क्षेपणास्त्राचा प्रत्यक्ष युद्धातील हा पहिला यशस्वी प्रयोग. त्यांतील एक न फुटताच एका मिगमध्ये रुतून बसले आणि चीनमार्गे रशियाच्या हाती लागले. रशियन अभियंत्यांनी ते उलगडले, प्रत्येक भागाचे प्रयोजन समजून घेतले आणि अल्पावधीत ‘के-13’ सिद्ध केले. चोरीच ती, पण चोरीलाही विद्या लागते!

हेच के-13 मिग-21 सोबत आपल्याकडे आले. 1964 मध्ये नाशिकजवळ ओझरचा कारखाना स्थापन झाला तो या दोहोंच्या परवाना-उत्पादनासाठी. परवान्यात आराखडे मिळतात, जोडणी कळते. अमुक भाग असाच का, हे कळत नाही. पुढच्याच वर्षीच्या युद्धात पाकिस्तानी सेबरपाशी साइडवाइंडर होते, तर आमची नॅट विमाने केवळ तोफांच्या बळावर लढली. वैमानिकांनी पराक्रमाची शर्थ केली. पण शस्त्रातील उणीव शौर्याने किती काळ भरून काढायची?

आपल्या स्वतःच्या ‘अस्त्र’ची पहिली चाचणी झाली ती मे 2003 मध्ये. ओझरनंतर तब्बल 39 वर्षांनी! वायुदल व नौदलासाठी 2,971 कोटी रुपयांचा करार 2022 चा. तोही भारत डायनॅमिक्सशीच, हे येथे ध्यानात घ्यावे. ओझरच्या कारागिरांचे कौशल्य वाया गेले, असे कोणी म्हणणार नाही. मात्र कारखान्याच्या शेजारी संशोधनाची परंपरा तेव्हाच रुजवली असती, तर मधला काळ निश्चित घटला असता.

योगायोग असा की अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही 1964 चेच. तेथे आणि अकोल्यात उष्णता-संवेदक व मार्गदर्शन प्रणालींची प्रयोगशाळा उभी राहावी, डीआरडीओच्या शास्त्रज्ञांनी तेथे शिकवावे, आणि यासाठीचा निधी प्रकल्पाच्या खर्चातच लेखी धरला जावा. आमच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत नोकऱ्यांच्या मागणीसोबत हीही मागणी ठेवावी.